श्रवणाची परिपूर्ती

'शास्त्र ऐकले' हे विधान करण्यास जितके सोपे, तितकेच ते तपासून पाहण्यास कठीण आहे. निरूपण आटोपते, सभा दंडवत घालून उठते, आणि 'आज श्रवण उत्तम घडले' असे जो तो म्हणतो. परंतु घरी पोचल्यावर 'आज काय निघाले होते?' असे कोणी विचारले, तर 'फार सुंदर सांगितले' यापलीकडे पुष्कळांना काही सांगता येत नाही. शब्द कानी पडले हे खरे. वक्ता अधिकारी होता हेही खरे. मग न्यून कोठे राहिले? आणि ते न्यून केवळ बुद्धीचे आहे, की त्यात नीतीचाही काही भाग आहे? ऐकून विसरणारा, अथवा न समजता 'समजले' म्हणणारा श्रोता केवळ मंद समजावा, की काही अंशी दोषीही समजावा, हा प्रस्तुत लेखाचा विचार्य विषय होय.

सामान्यतः असे मानले जाते की, उत्तरदायित्व सर्व वक्त्याचे. श्रोत्याने स्वस्थ बसावे, घेता येईल तेवढे घ्यावे. पाऊस पडतो, ज्याचे भांडे जेवढे तेवढे भरते, असाही दाखला देतात. हा दाखला ऐकावयास गोड आहे, पण ब्रह्मविद्येच्या श्रवणास तो लागू पडत नाही. भांड्यातील पाणी भांड्यासच पुरते. श्रोत्याने ऐकलेले वचन मात्र त्याच्यापाशी थांबत नाही. ते त्याच्या मुखाने दुसऱ्याच्या कानी जाते. म्हणून श्रोता हा केवळ ग्राहक नसून ठेवदारही आहे. दुसऱ्याची ठेव ज्याच्या हाती आली, त्यास 'मी विसरलो' एवढे म्हणून सुटता येत नाही.

शास्त्राचा आधार श्रवणच

हे उत्तरदायित्व किती मोठे आहे, हे ध्यानात येण्यासाठी आपले शास्त्र हाती कसे आले ते पाहावे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी स्वहस्ते एकही ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी निरूपण केले, ते चालता बोलता, बिढारी, देवळाच्या पटिशाळेत, नदीच्या काठी. आणि ते ज्यांनी ऐकले ते भक्तजन हाच त्या निरूपणाचा पहिला लेख. स्वामींच्या उत्तरापंथगमनानंतर श्रीनागदेवाचार्य रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी राहिले आणि लीळांचे स्मरण करू लागले. ते स्मरण म्हाइंभटांनी पाहिले, आणि त्यातून लीळासंग्रहाचा उद्योग निघाला. लीळाचरित्राच्या संकलनाचा हा काळ इसवी सनाच्या तेराव्या शतकाचा अखेरचा चतुर्थांश होय.

म्हाइंभट मूळचे कोण, हे येथे स्मरणीय आहे. सराळ्याचे हे विद्वान ब्राह्मण प्राभाकर मीमांसा शिकलेले, विद्येचा अभिमान बाळगणारे, वादाच्या इच्छेने स्वामींपाशी आलेले. म्हणजे बोलण्यासाठी आलेला हा मनुष्य पुढे संप्रदायातील सर्वांत मोठा श्रोता झाला. वादी प्रतिपक्षाचे बोलणे ऐकतो, ते त्यातील छिद्र शोधण्यासाठी. तो ऐकत असतानाच आपले उत्तर रचीत असतो. असे ऐकणे बाहेरून एकाग्र दिसले, तरी तो स्वतःच्या बुद्धीचाच घोष असतो. ही सवय म्हाइंभटांनी टाकली, म्हणूनच त्यांच्या हातून संग्रह झाला. पांडित्य श्रवणास आड येते असे नव्हे. पांडित्याची घाई आड येते.

म्हाइंभटांच्या कार्यपद्धतीतून श्रवणाचे तीन नियम सहज निघतात. पहिला असा की, ज्याने पाहिले किंवा ऐकले त्यालाच विचारावे. ज्या प्रसंगी स्वतः आचार्य उपस्थित नव्हते, त्या प्रसंगासाठी म्हाइंभट त्या त्या भक्तांकडे गेले. दुसरा नियम असा की, मिळालेले पुन्हा पडताळून घ्यावे. जे गोळा झाले ते त्यांनी आचार्यांपुढे ठेवले. तिसरा नियम सर्वांत कठीण. दोन ऐकणारे दोन प्रकारे सांगत असतील, तर आपल्यास आवडेल ते एक ठेवून दुसरे पुसून टाकू नये. लीळांच्या पाठांत निरनिराळ्या सांगणारांचे वासनाभेद नावांनिशी नोंदलेले आढळतात. एखाद्या वचनात एक शब्द इकडचा की तिकडचा, हे ज्यांनी नोंदून ठेवले, त्यांस त्या शब्दाचे मोल किती वाटत असेल! आपली शंका झाकून निःशंक पाठ तयार करणे त्यांस सहज शक्य होते. पण तसे केल्याने वाचणाऱ्याचे समाधान झाले असते, आणि सत्याचा अपलाप झाला असता.

एकांकातील लीळा तर श्रवणाचे सामर्थ्य विशेष स्पष्ट करतात. त्या काळी स्वामींच्या समवेत भक्तपरिवार नव्हता. तेथील वृत्त पुढे स्वामींनीच प्रसंगोपात्त भक्तांस सांगितले, म्हणून ते ज्ञात झाले. म्हणजे तेथे डोळ्यांची साक्ष जवळपास नाहीच. कानांचीच साक्ष आहे. त्या मोजक्या भक्तांनी ऐकताना हयगय केली असती, तर चरित्राचा एक संपूर्ण विभाग लुप्त झाला असता, आणि लुप्त झाला हेही कोणास कळले नसते.

चौदाव्या शतकाच्या आरंभी खिलजी आक्रमणांची धामधूम उडाली, तीत लीळांच्या पोथ्या नष्ट झाल्या, आणि ज्यांस त्या मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणीवरून पाठ पुन्हा सिद्ध झाले, अशी संप्रदायाची परंपरा सांगते. त्यात हिराइसेचे नाव आदराने घेतले जाते. ज्या वेळी हिराइसा लीळा ऐकत होत्या, त्या वेळी पोथी अस्तित्वात होती. 'लिहिलेले आहेच, मग लक्ष कशास द्यावे?' असे त्यांस म्हणता आले असते. त्यांनी तसे म्हटले नाही, एवढ्यावर पुढच्या पिढ्यांचे भाग्य अवलंबून राहिले.

वचन आणि त्याचे प्रकरण

श्रवणाचा विषय केवळ शब्द नव्हे. श्रीकेसोबासांनी लीळांतून स्वामींची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला. परंतु सूत्रे वेगळी निघाली तेव्हा ती कोणास, कोठे, कशावरून निरूपिली, हेही जपणे अगत्याचे झाले. प्रकरणवशाची उपयुक्तता यातच आहे. एकच आज्ञा नवख्या साधकास निराळा अर्थ देते आणि परिपक्वास निराळा. रुग्णास सांगितलेले पथ्य निरोग्याने पाळले तर तो कृश होईल. निरोग्याचा आहार रुग्णाने घेतला तर तो दगावेल. औषधाचे नाव पाठ आहे, पण ते कोणत्या रोगावर सांगितले ते आठवत नाही, अशा मनुष्याचे ज्ञान अज्ञानाहून भयंकर होय.

यास्तव उत्तम श्रोता वचनाबरोबर त्याचे प्रकरणही कानात साठवितो. दृष्टांतपाठाची रचना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. त्यातील ११४ दृष्टांतांत प्रथम सूत्र, मग स्वामींनी सांगितलेला दृष्टांत, आणि शेवटी केसोबासांनी जोडलेले दार्ष्टांतिक, असा क्रम आहे. येथे स्वामींचे कोणते आणि केसोबासांचे कोणते, हे सर्वांस ठाऊक आहे. केसोबासांनी आपले विवेचन स्वामींच्या वचनात मिसळले नाही. त्यास वेगळे नाव आणि वेगळी जागा दिली. एवढा मोठा शिष्य, संस्कृताचा पंडित, पण 'हे श्रीमुखीचे आणि हे माझे' ही सीमा त्याने ओलांडली नाही. अशा सीमेस प्रामाणिकपणा हेच नाव शोभते. आणि तो जितका बोलणाऱ्याचा, तितकाच ऐकणाऱ्याचाही धर्म आहे.

या कसोटीवर आजच्या सभा घासून पाहिल्यास खेद होतो. एखादे टाळीचे वाक्य वक्त्यास सुचते, आणि ते 'स्वामी म्हणतात' या शब्दांनी सुरू होते. ते कोणत्याही पाठात नसते. हेतू वाईट नसतो. वाक्यही वाईट नसते. परंतु स्वतःचे वाक्य परमेश्वराच्या मुखी घालणे यास सौम्य शब्द सापडत नाही. आणि ते ऐकून घेऊन, पुढच्या सभेत तसेच सांगणारा श्रोता त्या दोषाचा वाटेकरी होतो. 'हे कोणत्या प्रकरणातील?' असा नम्र प्रश्न एका जरी वासनिकाने त्याच वेळी केला असता, तर पुढचा अनर्थ टळला असता.

प्रश्न आणि विकल्प

येथे अशी आशंका उत्पन्न होते की, प्रश्न करणे हा श्रद्धेचा भंग नव्हे काय? श्रवणकाली विकल्प धरू नये असे शास्त्र शिकविते; मग शंका काढणारा श्रोता विकल्पी ठरत नाही काय?

याचे समाधान असे. प्रश्न आणि विकल्प हे बाहेरून सारखे दिसले तरी त्यांची मुळे भिन्न आहेत. प्रश्नास उत्तर हवे असते. विकल्पास निमित्त हवे असते. प्रश्नकर्ता उत्तर मिळताच पुढे चालू लागतो. विकल्पी मनुष्य एका उत्तरातून दुसरी अडचण काढतो, कारण त्यास चालावयाचेच नसते. महदाइसांचे उदाहरण यास प्रमाण आहे. स्वामींच्या परिवारात त्यांच्याइतके विचारणारे थोडेच. लहान वाटणाऱ्या गोष्टीही त्या विचारीत, आणि त्यांच्या विचारण्याने पुष्कळ निरूपण प्रकट झाले. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या प्रसंगी धवळे रचणाऱ्या या आद्य मराठी कवयित्रीची कीर्ती संप्रदायात जिज्ञासू म्हणून आहे. विकल्पी म्हणून कोणी त्यांचे नाव घेत नाही. जिज्ञासा आणि भक्ती यांत वैर असते, तर हे घडते ना.

उलट, न विचारणे हेच पुष्कळदा श्रद्धेच्या नावाखाली दडलेले मानरक्षण असते. सभेत 'मला कळले नाही' म्हणावयास धैर्य लागते. इतर माना डोलवीत असतात. आपण एकटे अज्ञ ठरू, ही भीती वाटते. मग मनुष्यही मान डोलवितो. ही मान डोलविणे म्हणजे शब्दावाचून बोललेले असत्यच आहे. त्याने वक्ता फसतो, कारण आपले बोलणे पोचले असे त्यास वाटते. श्रोताही फसतो, कारण पुढील निरूपण न कळलेल्या पायावर रचले जाते. आणि शेजारचा तिसरा श्रोता, ज्यासही कळलेले नसते, तो आणखीच गप्प बसतो.

मात्र येथे वक्त्याकडेही बोट दाखविले पाहिजे. केसोबास आणि पंडित दामोदर यांनी संस्कृतात प्रश्न केला असता आचार्यांनी तो मार्ग नाकारला, आणि स्वामींनी आपणास मराठीतच निरूपिले याची जाणीव दिली. केसोबास संस्कृत ग्रंथरचनेकडे वळले, तेव्हाही आचार्यांनी त्यांस आवरले. त्या रचनेने वृद्ध स्त्रियांचा समुदाय वंचित होईल, ही त्यांची चिंता होती. सभेत जो सर्वांत कमी शिकलेला बसला आहे, त्याच्या कानाचे माप घेऊन आचार्यांनी भाषेचा निर्णय केला. आज तेराव्या शतकाची ती मराठीच बहुतेकांस दुर्बोध झाली आहे. म्हणून मूळ सूत्र जसेच्या तसे म्हणून, नंतर त्याचा अर्थ आजच्या मराठीत उकलून सांगणे हे निरूपणकाराचे कर्तव्य आहे. श्रोत्यास न कळणारे बोलून त्याच्या मौनास श्रद्धा समजणे, हा आचार्यांच्या मार्गाचा विसर होय.

पोथी, छापखाना आणि ध्वनिमुद्रण

दुसरी आशंका अशी. पूर्वी साधन नव्हते म्हणून श्रवणाचे एवढे महत्त्व. आता ग्रंथ छापले गेले, निरूपणे मोबाईलमध्ये साठविता येतात, हवी तेव्हा पुन्हा ऐकता येतात. मग श्रवणाचे एवढे ओझे श्रोत्यावर का टाकावे?

या आशंकेत तथ्य आहे, ते प्रथम मान्य करावे. मुद्रित ग्रंथांमुळे पाठ पडताळता येतो. दूर गावी राहणाऱ्या, वार्धक्याने वा आजाराने आश्रमापर्यंत येऊ न शकणाऱ्या उपदेशी मंडळींस ध्वनिमुद्रण हा मोठाच आधार आहे. परंतु साधनाने जतन होतो तो ध्वनी. श्रवण जतन होत नाही. संप्रदायात लेखनाचा कधी तुटवडा नव्हता. पूर्वजांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींत पोथ्या लिहिल्या. पण ती लिपी जाणणाऱ्याच्या मुखातून कळल्यावाचून पोथी उघडूनही बंदच राही. विसाव्या शतकाच्या आरंभी सकळ लिपीची उकल बाहेरील अभ्यासकांस झाली, आणि ग्रंथ सर्वांसमोर आले. अक्षरांची किल्ली मिळाली. अर्थाची किल्ली मात्र आजही अधिकरणापाशी बसून ऐकण्यातच आहे.

शिवाय, 'नंतर ऐकू' ही सोय मनास शिथिल करते. जे पुन्हा मिळणार आहे, त्याकडे मनुष्य अर्धे लक्ष देतो. आणि नंतर ऐकतानाही हात दुसऱ्या कामात असतो. न आवडलेला भाग बोटाने पुढे सरकविता येतो. प्रत्यक्ष श्रवणात तसे करता येत नाही. जे वचन आपल्या दोषावर नेमके बोट ठेवते, तेही बसून ऐकावे लागते. श्रवणाचा अर्धा लाभ या बसण्यातच आहे.

श्रवणानंतरचे श्रवण

मग श्रवण परिपूर्ण कशाने होते? आचारधर्मातच याचे उत्तर आहे. निरूपण ऐकल्यावर साधकाने विजनी जावे, वृक्षाखाली एकटे बसावे, आणि स्मरण करावे. हे स्मरण म्हणजे स्वस्थ गुंगीत बसणे नव्हे. लीळा कोठे झाली, कोण उपस्थित होते, काय विचारले, काय उत्तर मिळाले, हे क्रमाने मनापुढे आणणे होय. जेथे क्रम तुटतो, तेथे आपले ऐकणे तुटले होते असे समजावे, आणि ती जागा दुसऱ्या दिवशी विचारून घ्यावी. आपल्या परंपरेत स्थाने नोंदणारी स्थानपोथीही आहे. स्थळ आठवले की प्रसंग आठवतो, प्रसंग आठवला की वचन आठवते.

आधुनिक मानसशास्त्रही याच दिशेस बोट दाखविते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. शिकल्यानंतरच्या पहिल्या काही तासांतच विस्मरण सर्वाधिक वेगाने होते, असे त्यास आढळले. पुढील संशोधकांनी असेही दाखविले आहे की, तेच तेच पुन्हा वाचण्यापेक्षा न पाहता आठवून सांगण्याने शिकलेले अधिक टिकते. विजनातील स्मरणाचे प्रयोजन अर्थातच याहून थोर आहे. पण ज्यांस परंपरेचा नियम केवळ जुना म्हणून जड वाटतो, त्यांनी एवढे तरी ध्यानी घ्यावे.

एका दृष्टांताने हे स्पष्ट होईल. घरी विरजण संपले, म्हणून गृहिणी शेजारणीकडून चमचाभर विरजण आणते. ते वाटीत तसेच झाकून ठेवले, तर दोन दिवसांत आंबून वाया जाते. दुधात घातले तर दही होते. पण दूध कढत असेल तर विरजण मरते, थंडगार असेल तर लागत नाही, आणि भांडे सारखे हलवीत राहिले तर दही नीट बसत नाही. कोणी उतावीळपणे विरजणाऐवजी लिंबू पिळले, तर दूध क्षणात घट्ट होते खरे; पण ते दही नसते, नासलेले दूध असते. आणि ज्या घरी दही नीट लागले, त्या घरून दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरास विरजण जाते.

तद्वत श्रीमुखीचे वचन हे विरजण, आणि साधकाचे आचरण हे दूध. वचन केवळ वहीत झाकून ठेवले तर ते अहंकारात आंबते. विकाराने तापलेल्या मनात ते मरते, अनास्थेने गोठलेल्या मनात ते लागत नाही, आणि या सभेतून त्या सभेत सारखे हिंदकळणाऱ्या मनात ते स्थिर होत नाही. आपल्या मताचे लिंबू पिळणाऱ्यास फळ लवकर आल्यासारखे वाटते. पण त्याच्यापासून पुढे कोणास विरजण मिळत नाही. आणि वचनाचे हे विरजण नव्याने शून्यातून करता येत नाही; ते कोणाकडून तरी आणावेच लागते. प्रस्तुत काळी जे शास्त्र उपलब्ध आहे, ते आठ शतके घरोघरी जपलेले विरजण होय.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे देणे प्राप्त होते. बुद्धी मंद असणे हा दोष नव्हे. अनेक वृद्ध तपस्विनींस अक्षरओळख नसताना शेकडो लीळा क्रमाने मुखोद्गत असतात, आणि वह्या भरणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांतील चार सांगता येत नाहीत. यावरून ग्रहणास बुद्धीहून आस्था अधिक लागते, हे उघड आहे. विसरणे हाही स्वतः दोष नव्हे. तो देहधर्म आहे. दोष आहे तो विसरू नये म्हणून काही न करण्यात, न कळता कळल्यासारखे दाखविण्यात, आणि आपले वचन श्रीमुखीच्या वचनात मिसळण्यात. या तिन्ही गोष्टी टाळणे निरक्षरास शक्य आहे आणि पंडितासही शक्य आहे. म्हणूनच हा विषय बुद्धीचा नसून नीतीचा आहे.

सभेतून उठताना श्रोत्याने मनाशी एवढेच पाहावे: आज जे ऐकले, ते या क्षणी दुसऱ्या कोणास, सांगणाऱ्याचे नाव आणि प्रकरण यांसह, काही न घालता व काही न गाळता देता येईल काय? येत असेल तर श्रवण घडले. येत नसेल तर पुन्हा दंडवत घालून विचारावे. विचारणारा लहान होत नाही. पुढे कधी पोथ्या जळाल्या, यंत्रे बंद पडली, आणि कोणी जिज्ञासू दाराशी येऊन 'स्वामी काय म्हणाले?' असे विचारू लागला, तर त्यास उत्तर देणारा हाच असेल.